पिवळी मेथी

मला मेथीची भाजी आवडत नाही, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. भाजी आवडते. पण ताटात मेथी आली की समोर बसलेल्या आईकडे मला बघता येत नाही, म्हणून हे सोंग. या गोष्टीला तीन-चार वर्षं झाली. ज्या माणसाला ती सांगायला हवी होती त्याला मी अजून सांगितलेली नाही, आणि इथे लिहायला मात्र बसलोय. यात काही शौर्य नाही हे मला कळतं.

आम्ही डिंडोलीत राहतो, आई आणि मी. वडील खानदेशातून सुरतेला लूमवर कामाला आले. लूमच्या खडखडाटात आधी त्यांचे कान गेले आणि पुढे तेही गेले. आई घरी बसून साड्यांना टिक्क्या लावायची. साडी मांडीवर, गोंदाची वाटी उजव्या हाताला, आणि दिवस मावळेपर्यंत मान खाली. तिची बोटं कायम चमचमत असायची. भाकरीवरसुद्धा कधी एखादी टिकली निघायची. माहेरी तिने लग्नापर्यंतचे दिवस शेतात राबून काढले होते, पण सुरतेत येऊन ती शेतीचं बोलणार कुणाशी? मी कृषी डिप्लोमा केला तो काही तिच्याकडे बघून नाही. बारावीला मार्क कमी पडले आणि दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही, म्हणून केला.

डिप्लोमानंतर मला नोकरी लागली ती कडोदऱ्याच्या पुढे, बारडोलीच्या रस्त्याला. एका गुजराती बागायतदाराची तिथे तीन ग्रीनहाउस आहेत. काकडी, सिमला मिरची, मधे एखादं पीक टोमॅटोचं. मजूर बायका मालकांना शेठ म्हणतात, मी काका म्हणतो. मी सुपरवायझर. हा शब्द मला फार आवडायचा. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कुणाचाच मुलगा सुपरवायझर नव्हता. जे होते ते लूमवरचे.

मी लागलो तेव्हा तिथली माती मेल्यातच जमा होती. वर्षानुवर्षं नळीतून पातळ खतं सोडून सोडून वाफ्यांवर पांढरट पापुद्रा धरला होता. बोट रोवायला गेलं तर नख दुखायचं. काकडीच्या मुळांना गाठी धरायच्या, वेली अर्ध्यातच मान टाकायच्या. काका मला विचारायचे, आता काय करायचं, आणि मी मोबाइलमध्ये बघून काहीतरी औषधाचं नाव सांगायचो. ते आणायचे. वेली पुन्हा मान टाकायच्या.

दिवाळीनंतर लाभपाचमीला काकांकडे अवजारांची पूजा असते. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं होतं. आईला मी नाइलाजाने नेलं. वाटेत सगळं सांगून ठेवलं, की तिथे अहिराणीत मोठमोठ्याने बोलू नको, विचारलं तेवढंच बोल. घरी मी तिला माय म्हणतो. त्या दिवशी गेटपाशी गाडी लावतानाच मी तिला आई म्हणायला सुरुवात केली. तिच्या ते लक्षात आलं असणार.

जेवणं झाली आणि पलीकडच्या उसाच्या शेतात कुणीतरी पाचट पेटवलं. त्या भागात हे नेहमीचंच आहे. ऊस कारखान्याला गेला की उरलेला पाला तिथल्या तिथे जाळून टाकतात आणि दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडते. आई हात पुसता पुसता थांबली.

"इतलं खत जाळी ऱ्हायनात हे लोक?" ती म्हणाली. चांगली मोठ्याने म्हणाली.

"हळू बोल," मी म्हणालो.

पण काकांनी ऐकलं होतं. "बा शुं कहे छे?" आई काय म्हणतेय, ते त्यांनी मला विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा आईने माझी वाट न बघता स्वतःच आपल्या हिंदीत सांगून टाकलं, "शेठ, ये जलाते कायको? इसका खाद होता. तुम्हारे काकडी को चलेगा." माझे कान तापले. मला वाटलं, आता सगळे हसणार. काका हसले नाहीत. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि कसं करायचं ते विचारायला लागले. पाचटाचे किती थर, शेणकाला किती, किती दिवस. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाची. मला त्यांनी इतक्या मन लावून कधीच काही विचारलं नव्हतं. हे मला तेव्हाच खुपलं, आणि तसं कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

पंपाच्या खोलीमागचा मोकळा कोपरा काकांनी आईला दिला. ती आठवड्यातून चार दिवस माझ्या मागे गाडीवर बसून यायला लागली. तुकडे केलेलं पाचट, काढून टाकलेल्या काकडीच्या वेली, शेणकाला, साखर कारखान्यातून येणारी काळी मळी, असे थरावर थर. आणि मधे ती माहेरच्या उकिरड्यातलं कुजलेलं खत पसाभर घालायची. ते तिने मामाकडून पिशवीत मागवलं होतं. त्याला ती विरजण म्हणायची. ढीग ओला किती ते मुठीत दाबून बघायची. तापला किती ते बघायला लोखंडी सळई आत खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने बाहेर काढून तळहातात धरायची आणि चटका बसला की समाधानाने मान हलवायची. पंधरा-वीस दिवसांनी ढीग वरखाली करायचा, पाणी मारायचं, पुन्हा झाकायचा. मजूर बायका आधी तोंडाला पदर लावून बघायच्या. महिनाभरात त्याच सळई हातात घेऊन एकमेकींना दाखवायला लागल्या.

आणि शेवटी मेथी. खत तयार झालं की नाही हे आई स्वतः कधीच ठरवत नसे, मेथीला ठरवू द्यायची. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात खत घ्यायचं, त्यात चिमूटभर मेथी पेरायची, वर थोडं पाणी. पाच-सहा दिवसांत मेथी हिरवीगार आणि ताठ आली की खत वाफ्यात घालायला मोकळं. पिवळी पडली किंवा मान टाकायला लागली, तर खत अजून कच्चं. तिच्या माहेरी तिची आजी असंच करायची. माझ्या डिप्लोमात यासाठी एक लांबलचक नाव होतं. ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

पहिल्याच हंगामात फरक दिसला. एका ग्रीनहाउसमध्ये आईचं खत घातलं, दोन तशीच ठेवली. दीड महिन्यात लांबूनसुद्धा ओळखू यायला लागलं. पानं गडद, काकड्या सरळ, आणि वाफ्यात बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत सहज आत जायचं. काका रोज सकाळी तसं बोट घालून बघायचे. आईसाठी त्यांनी एक निळा ड्रम उलटा करून सावलीत ठेवला, तिला बसायला. दुपारी चहा आला की पहिला कप माजींना. ते तिला माजी म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले.

आईची चाल बदलली. मी उगाच सांगत नाही. टिक्क्या लावून लावून तिला पाठीत बाक आला होता. बाक तसाच राहिला, पण चालताना ती आता खाली बघायची नाही. संध्याकाळी गाडीवर मागे बसून ती दिवसभराचं बोलत यायची. कुठला ढीग कसा, कुठल्या बाईला कळलं, कुठली नुसतीच बडबड करते. वडील गेल्यापासून ती इतकं बोलली नव्हती. आणि मी काय करत होतो? सिग्नलला गाडी थांबली की बाजूच्या गाडीवाल्याला शेणाचा आणि मळीचा वास येत असेल का, याचा विचार करत होतो. सोसायटीत शिरताना मी स्वतःला सांगायचो, हिला मागच्या जिन्याने ने. ती मागच्याच जिन्याने यायची. मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी सुधारणा केल्या. म्हणजे तापमापक आणला, भिंतीवर एक तक्ता लावला आणि त्याच्या खाली माझं नाव लिहिलं. ढीग आईच रचायची, आकडे मी लिहायचो. बारडोलीकडच्या शेतकऱ्यांची एक टोळी बघायला आली, तेव्हा काका नेमके बाहेर होते. मी सगळं समजावून सांगितलं. "ही पद्धत मी इथे बसवली," असं गुजरातीत म्हणालो. माझं गुजराती आईच्या हिंदीपेक्षा फार चांगलं आहे. ती तेव्हा पाच-सहा पावलांवर ढिगावर गोणपाट ओढत होती. एका पाहुण्याने तिला मजूर समजून पाणी आणायला सांगितलं. तिने आणून दिलं. मी पुढे बोलत राहिलो.

ते गेल्यावर तिने विचारलं, "त्या लोकेसले आवडनं का?"

मी म्हणालो, हो, खूप आवडलं. तिला इतका आनंद झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

त्याच लोकांनी आणखी मोठी मंडळी घेऊन पुन्हा येतो म्हणून सांगितलं आणि काकांनी त्यांना एक दिवस ठरवून दिला. तोपर्यंत तिसरं, सगळ्यात मोठं ग्रीनहाउस नव्या काकडीने भरलेलं दिसायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं. काकांनी तसं म्हटलं नव्हतं. मीच त्यांना सांगून टाकलं, की तोवर लागवड झालेली असेल. पण खत मागे पडलं होतं. त्या वेळी शेण कमी मिळालं म्हणून जवळच्या पोल्ट्रीतलं कोंबडीखत आणून ढिगात घातलं होतं. आईने तेव्हाच सांगितलं होतं, की हे तापट असतं, याला नेहमीपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतील.

तेवढ्यात गावाकडे तिचा थोरला भाऊ वारल्याचा निरोप आला, तोही अंत्यविधीला पोहोचता येणार नाही इतक्या उशिरा. विरजण पाठवणारा तोच मामा. दिवसकार्य आटोपून यायला तिला आठ-नऊ दिवस लागणार होते. निघायच्या आदल्या दिवशी ती ग्रीनहाउसवर आली, ढिगाच्या पोटातलं खत डब्यात घेतलं, मेथी पेरली आणि डबा पंपाच्या खोलीच्या खिडकीत ठेवला.

"मेथी देखजो," ती मला म्हणाली. "हिरवी उनी तरच घालजो. नही त राहू दे, मी येस मंग पाहू."

सकाळी बसमध्ये चढतानाही तिला दुसरंच आठवलं. गॅलरीतल्या झाडांना पाणी घाल, तुळशीला विसरू नको. मी हो म्हणालो. आणि रोज सकाळी दात घासता घासता, दुसऱ्या हातात मोबाइल धरून, त्या गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या-डब्यांवर मी मगभर मगभर पाणी ओतलं. तेवढं काम मी इमानाने केलं.

सहाव्या दिवशी मी पंपाच्या खोलीत गेलो. मेथी उगवली होती आणि पिवळी पडली होती. थोडीशी नाही, सगळीच. कडा तपकिरी झालेल्या, दोन-चार रोपं आडवी. एक उपटून पाहिलं तर मुळाचं टोक काळं. इतका स्पष्ट नकार मला आजवर कुणी दिला नसेल. मी डबा हातात धरून उभा राहिलो आणि मनातल्या मनात वकिली सुरू केली. एकाच डब्यावरून काय ठरतं? खिडकीत ऊन जास्त लागलं असेल. बोअरचं पाणी मचूळ आहे. बियाणं जुनं असेल. शेवटी मी डिप्लोमावाला, आणि चिमूटभर मेथीपुढे मान तुकवायची? मी डबा ढिगावर उलटा केला, नळाखाली धुतला आणि होता तिथे ठेवून दिला. बाहेर बायका थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "माजीनी मेथी केवी आवी?" मी म्हणालो, "सरस."

दोन दिवस खत वाफ्यात मिसळण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी लागवड झाली. त्याच संध्याकाळी मी घरी पोहोचलो तर आई गावाहून आलेली होती. प्रवासाचे पाय धुऊन ती गॅलरीच्या दारात उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मी चपला काढत होतो.

"लावनी व्हई गई का?" तिने विचारलं.

"हो. आजच झाली."

ती न वळताच म्हणाली, "मेथी कशी उनी?"

"हिरवी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन कुकर लावला. मामाचं कसं झालं, शेवटी त्रास झाला का, हे त्या दिवशी मी तिला विचारलंच नाही. माझ्या डोक्यात काकडी होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्या ग्रीनहाउसचा पडदा बाजूला केला आणि डोळे चुरचुरायला लागले. आत कोंडलेल्या हवेत तिखट, नाकात चढणारा वास भरून राहिला होता. रोपांच्या पानांच्या कडा कागद जळावा तशा झाल्या होत्या. ओळीच्या ओळी. मी सगळे पडदे गुंडाळले, पाणी सोडलं, कुणाकुणाला फोन केले. दुपारपर्यंत निम्मी रोपं झोपली आणि दुसऱ्या दिवशी उरलेली. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं.

काका आले तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. मजूर बायका दारात. काका ओरडणाऱ्यातले नाहीत. त्यांनी वाफ्यातली मूठभर माती उचलली, नाकाशी धरली आणि टाकून दिली.

"आ खातर काचुं हतुं," ते मला म्हणाले. "तैयार छे एवुं कोणे कह्युं?"

खत कच्चं होतं हे त्यांना कळलं होतं. ते तयार आहे असं कुणी सांगितलं, एवढंच त्यांना हवं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. ते माझ्या तोंडात आलं आणि तिथेच फिरलं. मी म्हणालो, "आईने. मेथी आईने पेरली होती."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. मी ते मुद्दाम जोडलं, म्हणजे पहिलं अंगावर आलं तर मागे सरकायला जागा राहील. माणूस घाबरलेला असतानाही किती हिशेबी असतो, हे मला त्या दिवशी माझ्याकडूनच कळलं. पाहुण्यांसमोर हेच खत माझं होतं. जळल्यावर ते आईचं झालं.

ती गावाला गेली होती, हे तिला म्हणता आलं असतं. बायकांनाही ते माहीत होतं. त्यांतली एक तोंड उघडणार एवढ्यात आईच बोलली.

"हां शेठ. मैंनेच बोला था. मेरीच नजर चुकी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाफ्याकडे बघत होतो. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. ते मऊ आवाजात म्हणाले, "कंई वांधो नहि, माजी. हवे तमे आराम करो. उंमर थई." काही हरकत नाही, आता विश्रांती घ्या, वय झालं. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण रागावलेला माणूस उद्या निवळतो. ते तिला प्रेमाने घरी पाठवत होते आणि त्यातून परतीची वाट नव्हती.

आईने कोपऱ्यात जाऊन सळई धुतली आणि भिंतीला उभी करून ठेवली. ढिगावरचं गोणपाट सारखं केलं. संध्याकाळी ती नेहमीसारखी गाडीवर मागे बसली आणि नेहमीसारखाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. कडोदऱ्याच्या गर्दीतून डिंडोलीपर्यंत तो हात तसाच होता. मी गाडी पुढच्या फाटकाशी लावली, पण ती उतरून सवयीने मागच्या जिन्याकडे गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. तुळशीच्या कुंडीमागे, कोपऱ्यात, पत्र्याचा एक डबा दिसला. बिस्किटांचाच. त्यात काळं खत होतं आणि वर वाळून काड्या झालेली मेथी. पिवळी. मी कपडे तसेच हातात धरून उभा राहिलो.

आई आत साडी मांडीवर घेऊन बसली होती. मी डबा तिच्यासमोर नेला. "हे कधी लावलं होतंस?"

"गावले जावाना पह्यले," ती म्हणाली. "दोन डबा लावना पडतस. एक आठे, एक तठे. एकपर भरोसा ठेवाना नही."

म्हणजे रोज सकाळी दात घासता घासता मीच त्याला पाणी घातलं होतं. मी पाणी घालत होतो आणि ती मेथी माझ्यासमोर पिवळी पडत होती. गावाहून आल्यावर पाय धुऊन ती गॅलरीच्या दारात उभी होती ती त्या डब्याकडे बघत. तिने तो बघितला, मग मला विचारलं, मेथी कशी उनी. उत्तर तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिला मेथीचं नको होतं, माझं हवं होतं. आणि मी चपला काढता काढता ते देऊन टाकलं होतं.

मी खाली बसलो. "मी उद्या काकांना सांगतो," असं म्हणालो. रडलोही असेन थोडा.

तिने साडीवरून हात काढला नाही. "नको. तुनी नवकरी जाई," ती म्हणाली. "मनं काय? मी घर बशीसन टिक्क्या लाई लेसू."

आणि मला हायसं वाटलं. तेच खरं आहे. डबा ढिगावर उलटा केला तेव्हा मी उतावळा होतो, काकांपुढे बोललो तेव्हा घाबरलेला होतो. त्या क्षणी मात्र मी शांत होतो, विचार करायला हवा तेवढा वेळ होता, समोर माझी आई होती, आणि तिने नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि काही बोललो नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

खताचं काम थांबलं नाही. आईने शिकवलेल्या बायकाच आता ढीग रचतात. तिन्ही ग्रीनहाउस त्याच खतावर आहेत आणि काकडी दृष्ट लागावी अशी येते. काका त्याला "तमारुं खातर" म्हणतात, तुमचं खत, आणि माझ्या पाठीवर थाप मारतात. कधीकधी विचारतात, माजी कशा आहेत. मी सांगतो, मजेत. निळा ड्रम अजून सावलीत आहे. त्यावर आता पाण्याचा जार ठेवलेला असतो. आणि आई पुन्हा साड्यांना टिक्क्या लावते. पुन्हा खाली बघून चालते.

मी मात्र आता दोन डबे लावतो. खत काढायच्या आधी, दर वेळी, न चुकता. एक पंपाच्या खोलीत, दुसरा तिकडेच शेडमध्ये. घरी आणायचा धीर मला होत नव्हता. कारण खत तयार व्हायची वेळ आली की आई अजूनही विचारते. जेवताना, सहज विचारल्यासारखं. मेथी कशी उनी? मी मान वर न करता सांगतो. आणि दर वेळी वाटतं, तिला हे खरं वाटत असेल का?

गेल्या महिन्यात मी ठरवलं, की आता हे पुरे. खिडकीतला डबा कापडात गुंडाळून डिकीत घातला आणि जपून घरी आणला. मेथी फार सुंदर आली होती. दाट, हिरवी, एकही पान वाकडं नाही. आई दिव्याखाली साडी घेऊन बसली होती. मी कापड सोडून डबा तिच्यासमोर फरशीवर ठेवला.

तिने डब्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"डबा कसाले लई उना?" ती म्हणाली. "तू सांग ना. तू सांगशी तेच खरं."

मी सांगायला तोंड उघडलं. मेथी हिरवी होती, समोरच होती, कुणालाही दिसली असती. तरी तो एक शब्द मला लवकर उच्चारता येईना. आई टिकली चिमटीत धरून माझ्या उत्तराची वाट बघत थांबली होती.